नावाडी बोलला की नाही

३ नोव्हेंबर, सोमवार. नागभीड.
सकाळी ७.३५. वडस्याहून वनिताचा फोन. धाकटी बहीण, तिथे शिक्षिका. ही तिची शाळेत निघण्याची वेळ, म्हणून प्रथम प्रकृतीचीच शंका आली. तसे काही नाही. विषय 'नावाडी'.

सव्वीस वर्षांनी हा शब्द ऐकला. तीन भागांचा तो संगणकावरचा खेळ. मूळ इंग्रजी नाव लांबलचक. आम्ही दोघे नुसते 'नावाडी' म्हणत असू. साल १९९९. वनिता अठराची, मांडीचे हाड मोडून प्लास्टरमध्ये, बारावीची परीक्षा हुकलेली. माझ्या टंकलेखन संस्थेतला रंगीत पडद्याचा एकमेव संगणक मी घरी आणून तिच्या खाटेपाशी मांडला होता. खेळात एक भूमापक बाई नावेतून काठामागून काठ शोधत जाते. वल्हवणारा नावाडी तिन्ही भागांत एक शब्दही बोलत नाही. बाकीच्यांचे बोलणे पडद्यावर इंग्रजीत उमटे. मी मराठीत सांगे, ती ऐके.

या खेळाच्या चाहत्यांचा आता एक गट आहे, जगभर पसरलेला, आणि वनिता (पुढे व.) त्यात आहे. एक गृहस्थ तिन्ही भागांतले सर्व संवाद गोळा करीत आहेत. तिने त्यांना कळवले की, दुसऱ्या भागात नाव शेवटच्या काठाला लागते तेव्हा नावाडी एकदाच बोलतो. गटात हसे झाले. एकाने तिला सरळ थापाडी म्हटले.

"मी सांगतलं त्याहिले, माह्या दादाच्या वहीत लिहून आहे. दादा पाह्यल्याशिवाय लिहीत नाई. तू फक्त त्या पानाचा फोटो पाठव."
शोधतो म्हणालो.

४ नोव्हेंबर, मंगळवार.
वही सापडली. संस्थेच्या कपाटात, सर्वांत खालच्या खणात. १८४ पाने, एकही सुटलेले नाही.

पहिल्या पानावर माझ्याच हातची खूणसूची. प्र. = प्रत्यक्ष पडद्यावर पाहिले. ऐ. = ऐकीव. त. = तर्क. प्रत्येक संवाद आधी इंग्रजीत, खाली मराठीत, समासात खूण.

पान १३१. दुसरा भाग, शेवटचा काठ. नावाडी: "पाय टेकायची घाई नको करू. काठ कुठी पळून नाई जात." समासात प्र.

म्हणजे वनिताचे खरे.

पण वर इंग्रजी ओळ नाही. संपूर्ण वहीत मूळ इंग्रजी नसलेला संवाद हा एकच.

फोटो काढला. पाठवला नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार.
जुनी सीडी बुरशीने गेली आहे. व. ने तिच्या खात्यातून खेळाची नवी आवृत्ती माझ्या संगणकावर उतरवून दिली. दुसरा भाग सुरू केला. कोडी हातांना आठवतात, डोक्याला नाही.

शेवटचा काठ, दु. ३.२०. नाव वाळूला लागते. भूमापक बाई उतरते, वळून पाहते. नावाडी बसलेला, डाव्या हातात कंदील, मान खाली. अकरा सेकंद शांतता. मग पडदा काळा.

पुन्हा पाहिले. अकराच. एकूण सहा वेळा.

नव्या आवृत्तीत काही गाळले असण्याची शक्यता (त.). विचारणार कोणाला? खेळ बनवणारी मंडळी केव्हाच पांगली आहे.

खेळातल्या न सुटलेल्या प्रश्नांची यादी वहीत शेवटी आहे. १. नावेतली मधली फळी कोणासाठी रिकामी? २. निर्मनुष्य काठावर दिवा कोण लावतो? ३. नावाडी कधीच का उतरत नाही? ४. तो मुका आहे की गप्प? चौथ्यावर मी त्या वेळी काट मारली होती. सुटला म्हणून.

पत्नी लता दारातून पाहून म्हणाली, पन्नाशी उलटली की लोक देवाले लागतात, तुम्ही नावाड्याले लागले. चहा दुसऱ्यांदा थंड झाला.

८ नोव्हेंबर, शनिवार.
एक शंका. कालपासून टाळत होतो, आज लिहितो.

मांडीचे हाड मोडलेल्या मुलीला नेमके असेच वाक्य? "पाय टेकायची घाई नको." परक्या देशातल्या, माझ्या बहिणीचे नाव ठाऊक नसलेल्या माणसाने ते लिहिले?

नावाडी बोलला त्याच्या पंधरा दिवस आधी तिने कुबड्या भिंतीवर फेकल्या होत्या. आता चालणे नाही, परीक्षा नाही, मला इथेच मरू द्या, असे आईला म्हणत होती. त्या दिवसानंतर पाय टेकला. ते वाक्य पुटपुटतच टेकला, हे मी स्वतः पाहिले. (प्र.)

मग वाक्य माझे होते काय? अकरा सेकंदांच्या शांततेत मीच ते घातले काय? तसे असेल तर समासात प्र. का? मी खोटे लिहीत नाही. निदान आजवर तशी समजूत आहे.

९ नोव्हेंबर, रविवार.
सिंदेवाहीला मारोतरावांकडे गेलो. पंचवीस-तिशीत असताना मी आमच्या नाटकमंडळीत प्रॉम्प्टर होतो. दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे जत्रेत, गावोगाव प्रयोग. पुस्तक मांडीवर, मी पडद्याआड. मारोतराव पेटीवर. अंगणात धान वाळत घातले होते, त्याच्या कडेला बसून बोललो.

सरळच विचारले, पुस्तकात नसलेले वाक्य मी कधी नटाला दिले होते का?

ते इतके हसले की ठसका लागला. सूनबाईंनी पाणी आणले.

"काऊन भाऊ, विसरले? पोरीच्या पाठवणीचा परवेश. बाप झालेला गडी गप्प उभा. तुम्ही आतून वाक्य सोडलं, 'जाय, पण दार मी उघडंच ठेवतो.' बाया रडल्या ना भाऊ. सकाळी लेखक आला भांडाले, म्हणे हे माह्यं नाई. तुम्ही म्हणता, पुस्तकातलंच आहे. पुस्तक काढून दाखवलं तुमाले. तरी तुमचं एकच, पान फाटलं असन."

हा प्रसंग मला आठवतो. फक्त, माझ्या आठवणीत ते वाक्य पुस्तकात होते. डाव्या पानावर, खालून चौथी ओळ.

आज दुपारपर्यंत मला त्याबद्दल तिळमात्र शंका नव्हती.

परतीच्या बसमध्ये माझ्या आणखी कोणत्या गोष्टी 'खालून चौथी ओळ' असतील याचा विचार करीत होतो. मोजणे सोडून दिले.

१२ नोव्हेंबर, बुधवार.
व. चा फोन. फोटो का नाही पाठवला? वही सापडली, एवढेच सांगितले.

दहावीत नापास झालेल्या मुलांना ती दर वर्षी बसवून हेच वाक्य सांगते म्हणाली. कुठले म्हणून मुले विचारतात तेव्हा, एका नावाड्याचे, असे सांगते. "तेच खोटं म्हटलं नं त्याहीनं दादा, मले थापाडी म्हटलं त्याचं काही नाई."

तिला खरे सांगणे आवश्यक. पण खरे काय ते मला ठाऊक हवे. तरी फोनवर नको. रविवारी गाडीने जातो.

१६ नोव्हेंबर, रविवार. वडसा.
सांगितले. आधी मारोतरावांचे, मग माझे. वाक्य बहुधा मीच दिले, प्रॉम्प्टरच्या सवयीने. आणि दिल्यावर ते पडद्यावर पाहिले असे मला स्वतःलाच वाटले. पुरावा म्हणून इंग्रजी ओळ नसल्याचे दाखवले. माफी मागण्याचे वाक्य मनात तयार होते.

वनिता तांदूळ निवडत होती. सूप खाली ठेवले. रडेल असे वाटले. ती गोंधळलेली दिसली.

"तू कसा देशीन? तू खोलीत कुठी होता?"

तिच्या सांगण्याप्रमाणे मी चहा आणायला गेलो होतो. नाव काठाला लागली तेव्हा दोन्ही हातांत पेले घेऊन दारात उभा होतो. तिने मान वळवून पाहिले, मी काहीच बोललो नाही. वाक्य तिने मान वळवण्याआधीच झाले होते. मी पेले ठेवले, काय म्हणाला विचारले, तिने सांगितले, मी लिहिले.

पेले मलाही आठवले. पितळी, कड चेपलेली. हात भाजत होता.

म्हटले, तर मग तू सांगितलेस म्हणून मी लिहिले. वही नीट पाहिली. 'कुठी', 'नाई'. माझ्या लिखाणात हे शब्द येत नाहीत. ते तिचे बोलणे आहे, जसेच्या तसे.

"पण मले इंग्रजी कुठी वाचता येत होतं एवढ्या लवकर? तू सांगे तेव्हा समजे."

मग आवाज ऐकू आला असेल. ती म्हणाली, हो, आवाजच. जाड.

संगणकाला स्पीकर नव्हते. ते मी पुढच्या वर्षी बसवले. हे निश्चित. म्हणजे, निश्चित होते.

नंतर वही ओढून घेत तिने समासावर बोट ठेवले.

"मी सांगतलं म्हणून लिहिलं, तर 'ऐ.' पाह्यजे होतं. 'प्र.' काऊन लिहिलं तू?"

तू सांगितलेस म्हणून, असे म्हणालो. तिने सांगितलेले मी ऐकीव धरत नव्हतो.

तिने पुन्हा सूप घेतले. तांदूळ दोनदा निवडून झालेले होते. मी तुझ्या वहीच्या भरवशावर, तू माझ्या शब्दाच्या, असे काहीसे पुटपुटली. जेवताना मात्र एकदम हसू लागली. म्हणाली, नावाडी बिचारा गप्प, आपणच दोघं...



१८ नोव्हेंबर, मंगळवार.
व. ने काल गटावर सर्व काही जसे घडले तसे लिहिले. भाऊ दारात, मला इंग्रजी भराभर वाचता येत नव्हते, स्पीकर नव्हते. पान १३१ चा फोटोही जोडला, माझ्या संमतीने. हसणारे हसले.

संवाद गोळा करणारे गृहस्थ हसले नाहीत. त्यांनी तिला वेगळे लिहिले: पूर्वी दूरच्या एका देशातून आणखी एकाने असेच कळवले होते, नावाडी बोलला म्हणून. ते त्यांनी कोठेही प्रसिद्ध केलेले नाही. त्या माणसाने एक तपशील दिला होता. म्हणून आम्हा दोघांना एकच प्रश्न. बोलला त्या क्षणी कंदील कोणत्या हातात होता?

मी अट घातली. दोघांनी स्वतंत्र उत्तर पाठवायचे, परस्पर त्यांनाच. त्यांचा निर्णय येईपर्यंत एकमेकांना विचारायचे नाही. वनिताने मान्य केले. आपल्या दारातून दिसत होता का रे पडदा, असे विचारू लागली होती, थांबवले.

दु. ४.१०. उत्तर लिहून पाठवले. उजव्या.

पाठवल्यावर लक्षात आले. या दोन आठवड्यांत तो प्रसंग मी एकवीस वेळा पाहिला आहे, आणि एकवीसही वेळा कंदील डाव्या हातात होता.

संध्याकाळी व. चा फोन आला. दोघेही धानाच्या कापणीविषयी बोललो.