कावळा कुणाचं ऐकून आला?

प्रिय बाबा,

आज मी स्टँडबायवर आहे. म्हणजे काय, हे तुम्हाला किती वेळा समजावलं असेल मी! घरीच बसायचं, पण युनिफॉर्म चढवून, केस बांधून, बॅग दाराशी उभी करून. कंपनीचा फोन आला की पायात बूट घालून निघायचं. नाहीच आला तर संध्याकाळी युनिफॉर्म उतरवून पुन्हा हँगरला. आंघोळीला जातानासुद्धा फोन आईच्या हातात देऊन जावं लागतं. तुम्ही म्हणायचात, म्हणजे घरात असून घरात नाय. अगदी तस्सं.

तर अशी घरात असून नसताना तुम्हाला लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊन वर्ष होत आलं आणि एवढ्या दिवसांत मी तुमच्याशी मनातल्या मनातसुद्धा नीट बोलले नाही. रुसले होते. काल दुपारी आई मसाल्यासाठी मिरच्यांची देठं काढत बसली होती. काढता काढता ती एक गोष्ट बोलून गेली आणि माझा रुसवाच अडचणीत आला. ती गोष्ट तुम्हाला सांगायचीच आहे. पण आधी माझं ऐकून घ्या. तुम्हाला मध्येच बोलायची सवय, आता ते जमायचं नाही, तेवढी तरी सोय झाली आहे.

लालबागचं आपलं मसाला कांडपाचं दुकान आठवतं का हो तिकडे? मी पहिल्यांदा युनिफॉर्म घालून दुकानात आले, तेव्हा तुम्ही यंत्र बंद केलंत. रांगेतल्या बायका कुरकुरल्या. तुम्ही मात्र साबण लावून हात धुतलेत, वास घेतलात, परत धुतलेत, आणि मग माझ्या खांद्यावरच्या पट्ट्यांना नुसतं एक बोट लावलंत. मी शिंकत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तुम्ही सगळ्यांना सांगितलंत, माझ्या चेडवाक रडू इला. ते रडू मिरचीचं होतं, बाबा! पण तुमचं तोंड एवढं फुललं होतं की मी नुसती मान डोलावली.

तेव्हापासून हे असंच चालत आलं. तुम्ही समजायचात आणि मी समजू द्यायचे.

चाळीच्या गच्चीवर उभे राहून तुम्ही आभाळातलं कुठलंही विमान दाखवून म्हणायचात, "ता बघा, माझां चेडू चालवता." मी खालच्या खोलीत झोपलेली असले तरी! एकदा शेजारच्या पाटीलकाकू मला जिन्यात भेटल्या आणि दचकल्याच. म्हणाल्या, अगो, आत्ताच तर तू वरून गेलीस. मी हसले. तुम्हाला मात्र जराही लाज वाटली नाही. उलट म्हणालात, आज नसली तरी उद्या जातलीच ना त्याच वाटेन.

आणि तुम्ही मला कॅप्टन म्हणायचात. मी फर्स्ट ऑफिसर, बाबा. डावीकडच्या खुर्चीत बसतो तो कॅप्टन, मी उजवीकडे. हे तुम्हाला चांगलं ठाऊक होतं. तरी लग्नपत्रिकांवरसुद्धा लोक माझं नाव 'कॅप्टन शलाका' असं घालायचे, कारण यादी तुम्ही दिलेली असायची.

माझ्या शिक्षणासाठी गावची कलमांची बाग गेली, ते मी विसरलेले नाही. विसरू कशी? काकांचाही अर्धा वाटा होता तिच्यात, आणि त्यांनी एका शब्दानं विचारलं नाही. दर उन्हाळ्यात काकू बाजारातून आंब्याची पेटी आणतात आणि पहिला आंबा माझ्या हातात देतात. तो गोड आंबा माझ्या घशाखाली कसा उतरतो, ते माझं मला माहीत.

पगार चांगला आहे. लोक विचारतात आणि मी खरा आकडा सांगते, मग पुढचं कोणी ऐकत नाही. एवढा पगार असताना कसली तक्रार? तक्रार अशी की पहाटेचं उड्डाण, मग दुसऱ्या दिवशी रात्रीचं, मग पुन्हा पहाटेचं. जाड पडदे ओढून दिवसा झोपायचं आणि उठल्यावर हे कुठलं शहर ते आठवायचं. गणपतीत सगळी चाळ गावाला आणि मी कुठल्यातरी हॉटेलच्या खोलीत इडली-सांबार खातेय. आत्यानं अशक्तपणावर प्रेमानं द्राक्षासव आणून दिलं, तेही घ्यायची सोय नाही. ड्युटीआधी दारू घेतली नाही हे नळीत फुंकून दाखवायचं असतं, त्यात ते पकडलं गेलं तर नोकरीच धोक्यात. आत्या अजून समजते की मी तिच्या औषधाला नाक मुरडलं.

तुमच्या आजारपणात परळच्या त्या हॉस्पिटलात स्वतंत्र खोली मिळाली, खिडकीची, ती माझ्याच पगारामुळे. पण त्या खोलीत बसायला त्याच नोकरीनं मला वेळ दिला नाही. मी यायचे, तासभर बसायचे, तुम्हाला झोप लागली की पुढच्या ड्युटीसाठी निघायचे. आणि तुमची फर्माईश काय, तर युनिफॉर्मवरच ये! घरी जाऊन कपडे बदलून आले की तुमचं तोंड पडायचं. नर्सना, डॉक्टरांना, शेजारच्या खोलीतल्या माणसांना सगळ्यांना दिसलं पाहिजे ना!

एक दिवस मी मुद्दाम साधा पंजाबी ड्रेस घालून आले. तुम्हाला सांगायचं होतं की बाबा, मला हे सोडायचं आहे. पाठ दुखते म्हणून नाही, झोप नाही म्हणूनही नाही. आयुष्यातलं माझं असं काहीच माझ्या हाताला लागत नाही म्हणून. सगळी वाक्यं मी टॅक्सीत जुळवून आणली होती. तुम्ही डोळे उघडलेत, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलंत आणि विचारलंत, "आज युनिफॉर्म नाय?"

मी म्हटलं, धुवायला टाकलाय. झालं. एवढंच आपलं शेवटचं नीट बोलणं. तुम्हाला एकदा तरी विचारावंसं वाटलं नाही का हो, की पोरी, तू बरी आहेस ना?

तुम्ही गेलात तेव्हा मी जवळ होते, एवढं एक देवानं दिलं. अग्नीही मीच दिला. दहाव्याचा विधीही मीच करायचा होता, रजा मंजूर होती. आदल्या दिवशी फक्त एक जाऊन येऊन उड्डाण होतं, संध्याकाळी घरी. पण तिकडे पोचल्यावर विमानात बिघाड निघाला. दुरुस्ती होईपर्यंत आमच्या ड्युटीचे तास संपले आणि नियमाप्रमाणे आम्हाला हॉटेलात झोपायला पाठवलं. नियम चुकीचा नाही, दमलेल्या माणसानं विमान उडवूच नये. पण सकाळी बाणगंगेवर भटजी आले, आई आली, आत्या आली, आणि जिनं पिंड ठेवायचा ती दुसऱ्याच शहरात विमानाची वाट बघत बसली होती. भटजींनी जरा कुरकुर केली आणि माझ्या जागी काकांना बसवलं.

पुढचं मला सगळ्यांनी इतक्या वेळा सांगितलं आहे की मी तिथे हजर होते असंच वाटतं. पिंड ठेवला आणि कावळा काही शिवेना. कठड्यावर ही रांग कावळ्यांची! मान वाकडी करून बघत होते, पण एकही खाली उतरेना. आईला सांभाळू म्हणून झालं. दुकान बंद पडू देणार नाही, झालं. गावचा गणपती चुकवणार नाही, तेही झालं. ऊन चढलं. तुमची कसली इच्छा राहिली आहे ते कोणाला कळेना. मग आत्या म्हणाली, त्याचो जीव चेडवात अडकलो हा.

मग काका उठले. हात जोडले आणि मोठ्यानं म्हणाले, "दादा, काळजी करू नको. चेडू विमान सोडूचां नाय. क्याप्टन होतलां."

आणि कावळा आला. सरळ उतरला, पिंडाला चोच लावली, उडाला. सगळे रडले. काकांनी तिथूनच मला फोन लावला. त्यांचा आवाज फुटत होता. "कावळो शिवलो गो!" मी विमानतळावर काचेपाशी उभी होते, युनिफॉर्ममध्ये, आणि मला वाटलं, कोणीतरी बाहेरून कडी घातली.

कारण मी त्याच आठवड्यात राजीनामा देणार होते, बाबा.

आता कशी देणार? जिवंत बापाशी भांडता येतं. अबोला धरता येतो, आईला मध्ये घालता येतं. तुम्ही तर कावळ्याच्या तोंडून निकाल देऊन मोकळे झालात. अपील करायची जागाच ठेवली नाहीत. वर्षभर मी खोगीर घातल्यासारखी कामावर जात राहिले. कोणी म्हटलं की दमलेली दिसतेस, की काका अभिमानानं म्हणायचे, दादाला वचन दिलंय आम्ही. आम्ही!

आणि आता कंपनीनं कमांडच्या ट्रेनिंगसाठी माझी निवड केली आहे. म्हणजे खरोखरची कॅप्टन, चौथा पट्टा. हो म्हटलं की आणखी काही वर्षं सुटायचं नाही, तसं लिहूनच द्यावं लागतं. महिनाअखेर उत्तर द्यायचं आहे. काकांनी पेढ्यांची ऑर्डरही देऊन ठेवली आहे, मला न विचारता.

खोटं कशाला बोलू, सगळंच नकोसं नाही. गोव्याला उतरताना सकाळच्या उन्हात कोकणचा किनारा दिसतो, खाड्या आत आत शिरलेल्या, तेव्हा माझे हात आपोआप हलके होतात. तुम्ही एकदाच माझ्या विमानात बसलात, ते तिथेच जाताना. उतरल्यावर मी दाराशी उभी होते, आता शाबासकी मिळेल म्हणून. तुम्ही म्हणालात, आवाज लय करता गो, आपल्या कांडपापेक्षा जास्त. आणि बाहेर पडल्यावर धोतराच्या सोग्यानं डोळे पुसलेत. ते मी काचेतून पाहिलं होतं. तुम्हाला सांगितलं नाही कधी.

म्हणूनच तर अडकले आहे. नुसता तिटकारा असता तर केव्हाच सुटले असते.

आता कालची गोष्ट. आई देठं काढत होती, मी समोर बसून मदत करत होते. डोळे मिटत होते माझे. पेढ्यांचा विषय निघाला आणि मी म्हटलं, बाबांना वचन दिलंय, आता काय करणार. आईनं मान वर केली नाही. देठं खुडता खुडता म्हणाली, "तुझ्या काकाचांच ऐकान कावळो इलो, असां कोणी सांगल्यान?"

मला कळेना. मग ती म्हणाली की काका मोठ्यानं बोलत होते, त्याच वेळी तीही हात जोडून मनात बोलत होती. मी विचारलं, काय बोललीस?

"म्हटलंय, तिका आता मोकळी सोडा. लय मिरवलात."

एवढं बोलून ती परत मिरच्यांकडे वळली. वर्षभर का नाही सांगितलंस, असं मी जवळजवळ ओरडले. तर म्हणे, तू कधी विचारलंस? आणि काकांचा आनंद कशाला मोडायचा, बाग त्यांचीही गेली होती.

बाबा, खरं सांगा. कुणाचं ऐकून आलात? काकांचं, की आईचं? की नुसती भूक लागली होती कावळ्याला?

काल दुपारपासून हेच डोक्यात फिरतंय. आधी सुटल्यासारखं वाटलं. मग भीती वाटली. वर्षभर तुमच्या नावानं बोटं मोडता येत होती. वचन तुमचं, हट्ट तुमचा, बाग तुमची. आता दाराला कडी नाही म्हणावं तर बाहेर पाऊलही पडत नाही माझं. सोडून मी करणार काय? उजवीकडच्या खुर्चीशिवाय मला काय येतं? आणि बसून राहिले, तर पुढे कोणावर रुसणार? आईनं मला मोकळं केलं आणि मी होते तिथेच उभी आहे, बॅग दाराशी ठेवून.

पुढच्या आठवड्यात तुमचं वर्षश्राद्ध. रजेचा अर्ज टाकला आहे. उत्तर आलं, बघू. तेव्हा आता माझं वचन ऐका, आणि हे दुसऱ्या कोणी माझ्या वतीनं दिलेलं नाही. रजा मिळाली तर ठीक, नाही मिळाली तरी त्या दिवशी मी ड्युटीवर जाणार नाही. मग कंपनी काय करायचं ते करो. तुमचं पान मी वाढीन. तुम्हाला कोंबडीच्या सागोतीचा वास आवडायचा, पण त्या दिवशी वडे आणि काळ्या वाटाण्याचं सांबारच मिळेल, चालवून घ्या. पान गच्चीवर मी घेऊन जाईन. काका शेजारी उभे राहतील, पण बोलणार मी. चौथ्या पट्ट्याचं उत्तर त्याआधी कंपनीला देणार नाही. आणि तुम्हाला लवकर बोलवायला म्हणून खोटं काही कबूल करणार नाही. जे खरं असेल तेवढंच सांगेन, मग ते तुम्हाला आवडो न आवडो.

तुम्ही हवा तेवढा वेळ लावा. मी पानापाशी बसून राहीन. त्या दिवशी मला कुठेही पोचायचं नसेल.

फक्त एक. मी युनिफॉर्ममध्ये नसेन, बाबा. घरच्या साध्या साडीत असेन. ओळखाल ना मला?

तुमचं चेडू,
शलाका