परिवारातली पहिली नाळ

४ फेब्रुवारी २००८, सोमवार
आज सकाळी नेहमीपेक्षा लवकर उठलो. वंदना केली, दाढी केली, इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला आणि संस्थेच्या सोमवारच्या सभेत उभा राहून जाहीर केलं की माझ्या होणाऱ्या नातवंडाची नाळ मी संशोधनाला देणार. टाळ्या झाल्या. आमच्या सभेत डॉक्टर, झाडूवाली तानुबाई, ड्रायव्हर नियाज, सगळे एकाच सतरंजीवर बसतात. मोठे सर म्हणाले, ही संस्था नाही, परिवार आहे. आणि परिवारातली पहिली नाळ आपल्या देवमनजींच्या घरून येणार. तानुबाईनं हळूच विचारलं, ‘घरी इचारलं काय, भाऊ?’ मी नुसता हसलो. तिला संशोधन काय कळणार.

५ फेब्रुवारी, मंगळवार
बायकोला, जयवंताला सांगितलं. ती भाकर थापत होती. बोलली नाही, म्हणजे संमती, असं मी धरलं. जेवायला बसल्यावर मात्र म्हणाली, ‘लेकराची नाळ आंगनात पुरतेत. डब्यात नाई.’ मी शांतपणे समजावलं की जुन्या रूढी आपल्या घरातून कधीच गेल्या. त्यावर म्हणे, ‘म्या काई देवाले वाहून राहिली काय? लेकराची हाय, लेकराच्या घरी राहीन.’ वरण वाढलं, पण ताटापासून जरा लांबूनच. एकूण वातावरण अनुकूल.

१५ फेब्रुवारी, शुक्रवार. तिवसा.
कामगिरी उत्तम. दवाखान्यातून नाळांनी आइसबॉक्स भरून आणला. माझ्या हाताला यश आहे. भातकुलीच्या शाळेत सातवी झालेला माणूस, पण आजवर एकाही बाळंतिणीनं मला नाही म्हटलेलं नाही. सिस्टर खाटेशी उभी असते, मी विज्ञानाचं महत्त्व सांगतो, बाई सही करते किंवा अंगठा देते. आज एक म्हातारी म्हणाली, ‘मंग आमी पुराचं काय?’ मी तिला सांगितलं की या नाळेतल्या पेशी वाढवून भाजलेल्याला कातडी मिळेल, कापूस वेचून झिजलेल्या गुडघ्याला नवी कूर्चा मिळेल. ती म्हणाली, ‘माह्या गुडघ्याले कधी?’ हे निखत मॅडमना विचारायचं आहे. प्रयोगशाळा त्या बघतात.

२१ फेब्रुवारी, गुरुवार. माघ पौर्णिमा.
संध्याकाळी विहारात गेलो. महिनाभर कोणावर रागवायचं नाही असा निश्चय केला. परतताना संस्थेत डोकावलो तर लोडशेडिंग, इन्व्हर्टर दमलेला, आणि निखत मॅडम तिवस्याच्या नाळा कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकत होत्या. म्हणाल्या, ‘फ्रीझर बंद होता हो देवमनजी, सगळं गेलं. सरांना जनरेटरबद्दल किती वेळा बोलले.’ मॅडम फार निराशावादी आहेत. रागावलो. पण मनातल्या मनात, त्यामुळे निश्चय मोडला असं म्हणता येणार नाही.

२९ फेब्रुवारी, शुक्रवार
कॅन्टीनमध्ये सगळे टीव्हीसमोर. बजेटात कर्जमाफी जाहीर झाली. माझं लक्ष फोनकडे. सूनबाई, प्रियदर्शनी, पहिल्या बाळंतपणाला माहेरी अकोल्याला गेली आहे. स्वप्निलही तिथंच. म्हणाला, डॉक्टरांनी सहा तारीख दिली आहे, बाबा. मी विचारलं, सगळे तयार आहेत ना? म्हणाला, ‘हाव बाबा, पाहू नं.’ मुलगा तयार आहे. मोठ्या सरांनी जीप देण्याचं कबूल केलं. चार तारखेलाच निघायचं ठरवलं. जयवंता उद्याच पुढं जाते म्हणाली. मदतीला. इतका बदल तिच्यात होईल असं वाटलं नव्हतं. समजावून सांगण्याची पद्धत लागते.

४ मार्च, मंगळवार. अकोला.
काय लिहावं.
बर्फ भरलेला आइसबॉक्स घेऊन विहीणबाईंच्या दारात उतरलो. आत पाळणा हलत होता. मुलगी. शनिवारी झाली. शनिवारी! जयवंता पाळण्याशी बसून दोरी ओढत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती. स्वप्निल मागच्या दारानं पेढे आणायला गेला तो आलाच नाही.
विहीणबाई चतुराबाईंनी चहा दिला. म्हणाल्या, ‘बसा इवाई, डबा सावलीत ठेवा, बर्फ पानी होईन.’ मी विचारलं, नाळ कुठं आहे? ‘जिथं पायजे तिथं हाय.’ कुठं पुरली ते तरी सांगा. ‘नाई सांगत बापा. उकरून न्यायचे तुमी.’ आतून सूनबाई हसल्याचं ऐकू आलं.
मी चहा घेतला नाही. म्हणजे अर्धा घेतला. नातीकडे पाहिलं नाही. जोवर हे लोक चूक कबूल करत नाहीत तोवर पाहणार नाही, असं उंबऱ्यात उभं राहून सांगितलं. चतुराबाई म्हणाल्या, ‘मंग दहावीच्या निकालाले या.’
परत येताना नियाजनं बोरगावला बर्फ रस्त्याच्या कडेला ओतला. एक कुत्रं येऊन चाटत बसलं.

५ मार्च, बुधवार
माझ्याच घरात कट शिजला आणि मला वास आला नाही. बायको, मुलगा, सून. परकं कोणीच नाही. वंदनेत मन लागेना. जयवंता महिनाभर तिथंच राहणार, असा स्वप्निलचा निरोप. खिचडी केली. खालून करपली, वरून कच्ची. मधली बरी होती.

१० मार्च, सोमवार
आज सभेत सत्य सांगायचंच होतं. भाषण तयार केलं होतं: घरच्यांनी विश्वासघात केला, पण माझी निष्ठा अढळ आहे. वाटलं, मोठे सर खांद्यावर हात ठेवतील. मी पहिलं वाक्य संपवलं तोच सर म्हणाले, ‘असू दे हो, होतं असं. पुढचा विषय, पाण्याची टाकी.’
टाकीवर बराच वेळ चर्चा झाली.
सर माझं दुःख वाढू नये म्हणून तसं बोलले असणार.

१३ मार्च, गुरुवार
सरांच्या मुलीला नागपूरला मुलगा झाला. संस्थेत पेढे. मी पेढा तोंडात टाकला आणि धावत जाऊन आइसबॉक्स धुतला, बर्फ भरला. परिवारातली पहिली नाळ माझ्या घरून नाही तर निदान माझ्या हातून यावी. जीपपाशी गेलो तर नियाज बोनेटला टेकून हसून राहिलेला. ‘कुठं चालले, देवमनभाऊ?’ नागपूर. ‘कायले? म्या कालच तो डब्बा एअरपोर्टवर पोचवला नं. मोठ्या सायबानं मुंबईच्या नाळेच्या बँकेत ठेवली नाळ. पैसे भरून.’ मी म्हटलं, आपली संस्था असताना? म्हणाला, ‘तिथं जनरेटर हाय, भाऊ.’
त्याला नक्की माहीत नसेल. ड्रायव्हर माणूस.

१४ मार्च, शुक्रवार
रात्रभर विचार केला. तुलनात्मक अभ्यास असावा. एक नाळ मुंबईला, बाकीच्या इथं.
सरांना त्यांच्या केबिनमध्ये जाऊन विचारलं. सर चष्मा पुसत राहिले. मग फार प्रेमानं म्हणाले, ‘देवमनजी, ती पर्सनल बाब आहे. घरच्या लोकांचा निर्णय असतो तो. आपण कसं त्यात पडणार?’
मी ‘बरोबर आहे सर’ म्हणून बाहेर आलो. पायरीवर बसलो. तानुबाई झाडत होती, मला वगळून तिनं भोवतालचं झाडून घेतलं.
जिनं ‘नाई’ म्हटलं ती माझी बायको, तिच्याशी मी अबोला धरला. ज्यांनी मला न सांगता ‘नाही’ केलं, ते सर. त्यांना मी ‘बरोबर आहे’ म्हटलं.

१६ मार्च, रविवार
जयवंताचा फोन. बोलली नाही, नातीच्या तोंडाशी धरला. नात रडली. मी ‘राँग नंबर’ म्हणालो आणि ठेवला. मग बराच वेळ फोनकडे बघत बसलो. परत वाजला नाही.
उद्या सभेत सर्वांसमोर राजीनामा. निश्चय पक्का.

१७ मार्च, सोमवार
सभेत उभा राहिलो. सरांना वाटलं मी प्रार्थना म्हणायला उठलो. म्हणाले, ‘वा, देवमनजी, म्हणा.’ म्हटली. चालीत म्हटली. प्रार्थनेनंतर लगेच राजीनामा बरा दिसत नाही. शिवाय पाहुणे होते. पाहुणे सध्या वऱ्हाडात फार येतात. सर त्यांना माझ्याकडे हात करून म्हणाले, आमचे देवमनजी, यांना कुठलीच आई ‘नाही’ म्हणत नाही.
पाहुण्यांनी ते लिहून घेतलं.
राजीनामा राहू दे. त्यापेक्षा लहान एक गोष्ट ठरवली आहे. इथं लिहीत नाही. लिहिलेलं माझ्या हातून होत नाही.

१९ मार्च, बुधवार. अकोला.
सकाळी आधी चतुराबाईंकडे गेलो. कोणी चूक कबूल केली नाही, मीही विषय काढला नाही. जयवंतानं न विचारता नात माझ्या मांडीवर ठेवली. तिनं शर्टावर दूध काढलं. चहा पूर्ण घेतला.
मग दवाखाना. बाळंतीण कौशल्या, जवळच्याच खेड्यातली, शेजारी सासू. सिस्टर पेन घेऊन उभी. मी नेहमीचं सगळं सांगितलं, कातडी, गुडघे, विज्ञान. कौशल्यानं पेनसाठी हात पुढं केला. तेव्हा मी परवा ठरवलेलं ते म्हटलं. हळू म्हटलं, म्हणून दुसऱ्यांदा म्हणावं लागलं: बाई, नाळ तुमची आहे. नाही म्हटलं तरी चालते.
सिस्टर माझ्याकडे बघत राहिली. कौशल्यानं सासूकडे पाहिलं. सासूनं विचारलं, ‘नाई म्हनल्यावर लेकराच्या दवापान्याचं काई बिघडन नाई नं?’ म्हटलं, काही नाही.
‘मंग नाई,’ कौशल्या म्हणाली, आणि हात चादरीत घेतला.
‘हे पयले काहून सांगत नाई तुमी लोकं?’ सासू म्हणाली.
मी आइसबॉक्स उचलला. पलीकडच्या खाटेवर आणखी एक बाळंतीण होती. तिलाही पूर्ण सांगितलं.