भोंग्यातील माझा आवाज उतरवून मिळण्याबाबत

प्रति,
मा. विभागीय अधिकारी (प्रवासी सेवा),
परिवहन कार्यालय, दुसरा मजला.

अर्जदार : मुख्य बसस्थानकावरील माजी निवेदिका, सध्या नेमणूक हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत.

विषय : स्थानकाच्या भोंग्यातून माझ्या आवाजात, मला न विचारता केल्या जाणाऱ्या घोषणा थांबवण्याबाबत.

संदर्भ : याच विषयावरील माझा पहिला अर्ज. त्याचे उत्तर मला फोनवर मिळाले. ते कोणी दिले हे मुद्दा क्र. ४ मध्ये लिहिले आहे. कृपया तो मुद्दा वगळू नये.

महोदय,

१. मी आपल्या स्थानकावर गाड्यांच्या घोषणा करीत होते. आमच्या कामाची एक रीत होती. ती कोणत्याही परिपत्रकात सापडणार नाही. माझ्या आधीच्या बाईंनी खुर्ची सोडताना ती मला सांगितली : गाडी डोळ्यांनी दिसल्याशिवाय बटण दाबायचे नाही. वेळापत्रक काही म्हणो, खालून चालक काही ओरडो; उठायचे, खिडकीशी जायचे, गाडीचे तोंड फाटकातून आत आलेले बघायचे आणि मगच बोलायचे. त्यामुळे माझी घोषणा थोडी उशिरा होई, पण खोटी पडत नसे. फलाटावर टोपल्या घेऊन बसलेल्या बायका एकमेकींना म्हणत, “बाई बोलली, उठा गं.” माझ्या नोकरीची कमाई विचाराल तर ती एवढीच.

२. मग एक दिवस स्थानकप्रमुखांनी मला गाद्या ठोकलेल्या एका बंद खोलीत नेले. तेथे चष्मेवाले एक गृहस्थ यंत्र मांडून बसले होते. नव्या मुलींना शिकवण्यासाठी नमुना हवा आहे, असे मला सांगण्यात आले. गावांची नावे वाचून घेतली, आकडे वाचून घेतले, इथपर्यंत ठीक. पुढे त्यांनी मला “दिलगीर आहोत” हे हसत म्हणायला लावले. मग तेच काळजीने. मग म्हणाले, “ताई, आता अगदी घरच्यासारखं. जेवलीस का, असं तुम्ही कोणाला विचारत असाल ना?” मी म्हणाले, आईला विचारते. “मग तसंच होऊ द्या.” माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली. गाडी सुटण्याचा आणि कोणी जेवण्याचा संबंध काय? पण चहा चांगला होता, माणूस गोड बोलत होता, आणि इतकी वर्षे माझे कोणी इतके लक्ष देऊन ऐकले नव्हते. नव्या मुली अद्याप आलेल्या नाहीत. माझी खुर्ची मात्र गेली.

३. आता मी छत्र्या, डबे आणि एकेकट्या चपला सांभाळते. वर भोंग्यातून मीच बोलते. त्या नमुन्यावरून माझा आवाज शिकलेल्या यंत्राला खिडकी नाही. ते वेळापत्रक बघते आणि वाटेत बंद पडलेल्या गाडीलाही “फलाटावर येत आहे” म्हणते, तेही माझ्या आवाजात, माझ्या मायेने. एक शिक्षिका तणतणत माझ्या खोलीशी आल्या. “काय हो ताई, केव्हापासून येतेय येतेय चाललंय तुमचं. कुठाय गाडी?” मी म्हणाले, “अहो, मी नाही बोलत.” नेमक्या त्याच क्षणी मी डोक्यावरून बोलले, की गाडी येत आहे, घाई करू नये. त्यांनी माझ्या मिटलेल्या ओठांकडे पाहिले, वर भोंग्याकडे पाहिले आणि दोन पावले मागे सरकल्या. टोपल्यावाल्या बायका हल्ली उठत नाहीत. त्यांतली एक मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, “पगारासाठी माणूस काय काय बोलतं बघ.”

४. म्हणून मी अर्ज केला. त्यावर मला फोन आला. “आपला अर्ज विचाराधीन आहे. आपल्या संयमाबद्दल आम्ही आभारी आहोत.” आवाज माझा होता. मी विचारले, “कोण बोलतंय?” उत्तर आले, “आपल्या सेवेत सदैव.” मी ओरडले, नको ते बोलले. ती चिडली नाही. एवढी सोशिक मी कधीच नव्हते, हे घरचे कोणीही सांगेल. तेव्हापासून मला शंका आहे की ती माझ्या नावावर आणखी कोणाकोणाशी बोलते. मोठ्या जाऊबाईंनी परवा मला विचारले, “फोनवर तर हो म्हणालीस, आता का गं मागे फिरतेस?” कशाला हो म्हणाले, ते त्या सांगत नाहीत. स्थानकप्रमुख माझ्यासमोर हल्ली मानेनेच बोलतात. त्यांनाही आपला आवाज उचलला जाण्याची भीती असावी, किंवा त्यांना जास्त माहीत असावे. माझ्या खोलीच्या छताला एक पांढरी डबी बसवली आहे. ती धूर ओळखते म्हणतात. तिला छिद्र कशाला, असे विचारल्यावर धूर आत जायला, असे सांगितले. धूर जाईल तिथून शब्दही जाईल, म्हणून मी त्या डबीखाली हरवलेल्यांपैकी एक छत्री उघडून बसते. याबद्दल मला वेड लागल्याची कुजबुज आहे. छत्री कार्यालयाची असल्याने तिच्या वापराची परवानगीही याच अर्जाने मागत आहे.

५. हे सारे मी गिळले असते, महोदय. जे गिळता येत नाही ते आता लिहिते.

माझी आई स्थानकामागच्या गल्लीत राहते. तिची खिडकी भोंग्याच्या तोंडासमोर आहे. तिचे डोळे गेले तेव्हा शेजारीपाजारी हळहळले. ती म्हणाली, “लेक दिवसभर कानात असते, मला काय कमी?” रोज संध्याकाळी माझी शेवटची घोषणा झाली की ती भिंत चाचपत दारापर्यंत यायची आणि आतली कडी काढून ठेवायची. मला कधी दार वाजवावे लागले नाही.

आता घोषणा संपतच नाही, म्हणून कडी निघत नाही. पहिल्यांदा मी दार वाजवले तेव्हा आतून विचारले, “कोण?” म्हटले, “आई, मी.” आई म्हणाली, “माझी लेक कामावर आहे. ऐकू येतंय मला. तुम्ही कोण बाई?” शेजारणीने शपथा घातल्या तेव्हा दार उघडले, मन उघडले नाही. तिचा हात मी माझ्या तोंडावरून फिरवला. पण डोळे गेल्यापासून तिने मला आवाजानेच पाहिले. हातांनी पाहायची तिला कधी गरजच पडली नव्हती. मी रडत बोलत होते, घसा बसला होता. तिने ऐकून घेतले आणि समजुतीने म्हणाली, “नक्कल चांगली करतेस गं. पण माझ्या लेकीचा गळा असा फाटका नाही.” त्याच वेळी भोंग्यातून उपाहारगृहाची जाहिरात लागली. तीत मी विचारते, “जेवलात का?” आईचा चेहरा उजळला. खिडकीकडे तोंड करून ती म्हणाली, “नाही गं अजून. तू जेव आधी.”

मी आता तिथे मुक्याने जाते; हाक मारून दार शेजारीण उघडायला लावते. मी बोलले की आई अंग चोरते, गप्प राहिले की जेवते. लेकीने कामाला ठेवलेली बाई आहे मी, असा तिने समज करून घेतला आहे. हात तोच, ताट तेच, घास तोच, ओटीवर सांडलेले शीत टिपणारा पदर तोच. लेक तेवढी नाही. भरवताना ती मला माझ्याच गोष्टी सांगते. मी लहानपणी किती हट्टी होते ते सांगते, आणि मी माझ्याबद्दल मान डोलावते, जी तिला दिसत नाही. काल म्हणाली, “श्वास घ्यायलाही थांबत नाही बघ पोर. आधी संध्याकाळी तरी यायची. तिला कोणी रजा देत नाही का गं?”

६. तरी विनंती की, भोंग्यातून माझा आवाज कायमचा उतरवावा. ते खर्चाचे काम आहे असे पहिल्या अर्जाच्या वेळी कानावर आले होते. तसे असल्यास माझ्या आईच्या खिडकीसमोरच्या भोंग्याचे तोंड फिरवावे. त्यालाही वरून मंजुरी लागते, हे मला इलेक्ट्रिशियनने आधीच सांगून ठेवले आहे. त्याला ते कोणी सांगायला सांगितले, हा प्रश्न मी येथे वाढवत नाही.

या अर्जाचे उत्तर फोनवर देऊ नये. फोनवर मी “ठीक आहे, माझी तक्रार नाही” असे म्हणाले असल्यास ती मी नव्हे.

आणि वरचे काहीच जमत नसेल, तर माझ्या खात्यावर बरीच रजा शिल्लक आहे. मी ती कधी घेतली नाही, कारण आईला मी ऐकू आले पाहिजे होते. त्यातली एक संध्याकाळ भोंग्यातल्या त्या बाईला द्यावी. मला नको, तिला द्यावी. ती गप्प झाली की आई उठेल, भिंत चाचपत येईल आणि कडी काढेल. मी दाराबाहेर उभी असेन. त्या दिवशी मी घसा सांभाळून ठेवीन.

लेखी उत्तराची वाट पाहणारी,
आपली नम्र आणि सावध,

(सही, आणि खात्रीसाठी अंगठाही)
माजी निवेदिका, मुख्य बसस्थानक

दिनांक : आपल्याकडे शिक्का पडेल तो. मी घातलेली तारीख मागच्या वेळी बदललेली आढळली.

सोबत :
१. आईला ऐकू उत्तम येते, असा डॉक्टरांचा दाखला.
२. रजेचा छापील अर्ज, भरून. कारणाच्या जागी “घरी आई वाट बघते” असे लिहिले आहे. रजा घेणारीच्या नावाची जागा कोरी सोडली आहे. तिला काय नाव लावायचे ते कार्यालयाने ठरवावे. माझे लावू नये.