टर्बोच्या आधी ब्रेक

आप्पा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की मी गाडी चालवते हेही तुम्हाला ठाऊक नाही. सेकंडहॅन्ड आहे, लाल, टर्बोची. खारघरच्या आमच्या सोसायटीत लोक विचारतात, कुणाची? माझी म्हटलं की नवऱ्याकडे बघतात. तुम्ही बघितलं नसतं. ट्रक टर्मिनलजवळच्या तुमच्या गॅरेजच्या शेडमध्ये मी डबा घेऊन यायचे, तेव्हा तुम्ही चप्पल बाहेर काढून कुणाच्या तरी गाडीत बसलेले असायचात, अनवाणी पायाने ब्रेक दाबत, डोळे मिटून. "तळपायाला कळतं," म्हणायचात. माझ्या स्कूटीचा ब्रेक सैल निघाला त्या दिवशी चावीच काढून घेतलीत. "थांबता येत न्हाय आन् पळायला निघालीय!" मी रागाने जेवले नव्हते.

यंदा बोनस मिळाला आणि मोठा टर्बो बसवायचं डोक्यात आलं. नुसत्या टर्बोने भागत नाही. त्याने इंजिनात जास्त हवा कोंबली की पेट्रोल जास्त लागतं, ती हवा थंड करायला मोठा इंटरकूलर लागतो, दणकट क्लच लागतो, नवं ट्यूनिंग लागतं, आणि ब्रेकही. ओट्याशी उभी राहून पोळ्या लाटता लाटता मनात हिशेब करत होते. काही केल्या बसेना, तेव्हा ब्रेक पुढच्या वर्षावर ढकलले. हे कुणालाच बोलले नाही, नवऱ्यालासुद्धा नाही. गाडी आधीच करंजाडेच्या गॅरेजमध्ये सोडली होती; काय काय करायचं ते येऊन सांगते, एवढंच म्हणाले होते.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी गेले, तर गॅरेजवाला म्हणतो, "मॅडम, तुमचे वडील येऊन गेले ना. बोलले, टर्बो छोटा टाक, पैसे ब्रेकला ठेव."

"कोण वडील?" मी हसलेच.

"काका ओ. बोलण्यावरून साताऱ्याकडचे वाटले. चप्पल बाहेर काढून गाडीत बसले, पेडल दाबलं, डोळे बंद. मला वाटलं झोप लागली."

मी तडक गाडीकडे गेले. गाडीचं दार उघडलं. सीट पार मागे सरकवलेली. मी बुटकी, नवरा गाडीला हात लावत नाही. तुम्ही उंच होतात, आप्पा.

"चाकं काढा," म्हटलं. मागच्या चाकाकडे जाणारी ब्रेकची नळी गंजून कागदासारखी झाली होती. त्याने बोटाने दाबली, तर तेल टपकायला लागलं. मग ब्रेक सगळे नवे घातले आणि उरलेल्या पैशांत बसला तो छोटा टर्बो.

गॅरेजवर कॅमेरा आहे. "रेकॉर्डिंग देऊ का, मॅडम?" असं तो परत परत विचारतो, मी नको म्हणते. नवऱ्याला वाटतं, मी घाबरले. हे पत्र तर कुठे टाकणार, म्हणून इथेच सांगते. घाबरलेच आहे, आप्पा. त्या रेकॉर्डिंगमध्ये दुसराच कुणी म्हातारा दिसला तर?