तळीचा पाचवा माणूस

तात्या, तुम्ही जाऊन अकरा वर्षं झाली, तरी चंपाषष्ठी जवळ आली की मला तुमचा राग येतो. डोळेही भरून येतात, पण राग आधी.

त्या वर्षी चंपाषष्ठीला भाऊ कोइमतूरचं सोनं-चांदी गाळायचं गलाईचं दुकान चार दिवस बंद ठेवून विट्याला आला होता. आदल्या दिवशी मी चुलीपाशी भाकऱ्या थापत होते. तुमच्या शेजारी जेवता जेवता तो शांतपणे म्हणाला, "तात्या, माज्यासाठी पोरगी बघू नगा. मला पुरुष आवडतात. एकाबरोबर ऱ्हातोय मी." तुम्ही अर्ध्या ताटावरून उठलात.

दुसऱ्या दिवशी खंडोबाची तळी. ताम्हनात भंडारा, खोबरं, पानसुपारी. पाच पुरुषांनी ते मिळून उचलायचं आणि येळकोट म्हणायचं. भावानं हात पुढं केला, तो तुम्ही बाजूला सारलात.

"हात लावू नगं. देवाला चालत न्हाई."

"देवाला इचारलं व्हय तुमी?"

धाकटे चुलते अवघडून हसले, "आवं दादा, चौघांनी उचलायला ही काय तिरडी हाय?" मग तुम्ही शेजाऱ्याला हाक मारलीत. दिवाळीत बायकोचा हात मोडणाऱ्या शेजाऱ्याला. तो देवाला चालला. भाऊ न जेवता निघून गेला.

तुम्ही श्रद्धाळू होतात, हे मला मान्य आहे. विहिरीची जागा, म्हशीचा सौदा, माझं लग्न, सगळ्यासाठी तुम्ही देवळात कौल लावायचात. देवाला चिकटवलेलं उजवीकडचं फूल पडेपर्यंत हात जोडून उभे राहायचात. माझ्या लग्नासाठी तर तीनदा गेलात. पोटच्या पोराला देवासमोरून उठवताना मात्र एकदाही विचारलं नाहीत. उत्तर तुमचं होतं, तात्या. देवाचं फक्त नाव वापरलंत. आणि देव तरी कुठला? धनगराच्या लेकीवर जीव जडला म्हणून तिच्या बापाची मेंढरं राखणारा!

लोक मला सांगतात, जुनी माणसं, धर्म मानणारी, समजून घ्यावं. का घ्यावं? पालीच्या यात्रेला तुम्ही अनवाणी जायचात, तेव्हा फोड तुमच्याच पायांना यायचे. ह्या श्रद्धेचा त्रास मात्र दुसऱ्यानं सोसला. आपल्या अंगाला काही लागत नाही आणि दुसऱ्याचं घर तुटतं, त्याला मी श्रद्धा म्हणणार नाही.

आता तळी चुलत्यांच्या दारात होते. आज सकाळी भावाचा फोन आला. "आक्का, अवंदा येऊ का? तळीला बसावं म्हणतोय. आमी दोघंबी येतो." इतक्या वर्षांत त्यानं पहिल्यांदा विचारलं. त्याला 'ये' एवढा एक शब्द मला देता आला नाही. "चुलत्यांना विचारून सांगते," म्हणाले. तो "बरं" म्हणाला आणि माझ्या पोरांची चौकशी करत राहिला.

हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणूनच लिहिते. चुलत्यांना मी अजून विचारलेलं नाही. ते नाही म्हणतील याची मला भीती नाही. भीती आहे ती ते हो म्हणतील याची, कारण त्या दिवशी तळीच्या जेवणाला माझ्या सासरची सगळी माणसं तिथं असतील.