बोथाटीचा गोळा

९ फेब्रुवारी

"येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी पाटी लिही. बोथाटी म्हणजे काय, शब्द कुठून आला" — नवऱ्याचं फर्मान. चार महिन्यांपूर्वी या घोडेस्वारीच्या शाळेत लग्न होऊन आले, अजून लगाम नि रिकीब यांत गोंधळ होतो, आणि पाटी मी लिहायची! कोश उघडला. बोथाटी — पात्याऐवजी टोकाला कापडाचा गोळा बसवलेला, सरावाचा भाला. 'बोथट'वरूनच आला असणार. झालं काम.

म्हातारा मोतद्दार घोडा चोळता चोळता म्हणाला, "गोळ्यात काय भरतात तेही लिहा, बाई."

१० फेब्रुवारी

म्हणून जिनांच्या खोलीत जाऊन नवऱ्याच्या बोथाटीची शिवण उसवली. चिंध्या, कापूस — आणि आत लोखंडी पातं! चार बोटं लांब, धार लावलेलं.

रविवारी याची धाकट्या भावाशी लढत. सासरे गेल्यापासूनची पहिलीच. भाऊजींना मैदान विकायचंय, याला नाही. दोघांमधून विस्तव जात नाही. परवाच जेवताना हा म्हणाला, "येऊ दे समोर, दाखवतो." म्हणजे हे दाखवणार होता?

पातं लिदीच्या ढिगात पुरलं. कापूस ठासून भरला, शिवण घातली. बोटाला सुई टोचली तेही कळलं नाही.

११ फेब्रुवारी

सहज विचारलं, "तुझा गोळा कोण भरतं रे?"

"मीच. दुसऱ्याच्या हातचा चालत नाही."

किती शांतपणे! कुणाशी लग्न केलंय मी?

भाऊजी बिचारे विचारत होते, "वहिनी, चेहरा का उतरलाय?" सांगणार होते. पण चहा टाकायच्या निमित्ताने आत निघून आले.

१२ फेब्रुवारी

नवऱ्याशी बोलत नाही. पाटी तशीच पडलीय.

१३ फेब्रुवारी, रविवार

घोड्यावर बसताच दोघांनी बोथाट्या बदलल्या! मी मोतद्दाराला हलवलं — "अहो, हे काय?"

"थोरल्या मालकांनी, तुमच्या सासऱ्यांनी, घालून दिलेली रीत, बाई. आपण भरलेला गोळा आपल्यालाच लागायचा. मग माणूस मऊच भरतो."

नवऱ्याची बोथाटी भाऊजींच्या हातात. ते पातं याच्याच छातीत जायचं होतं!

भाऊजींनी गोळा दाबून पाहिला. पुन्हा दाबला. पांढरेफटक पडले, आणि तोंडून निसटलं, "हा कुणी उसवला?"

आणि मी अबोला धरला तो नवऱ्याशी!