धवल्याखालचा ठोका

आये, मागच्या रविवारी काकाच्या थोरल्याची हळद होती आणि तिथं बायकांच्या धवल्याच्या खाली मी मशीनचा ठोका वाजवला. हे आधी लिहून टाकतो, नाहीतर इकडचं तिकडचं लिहीत बसेन आणि पान संपेल. तू गेलीस त्याला बारा वर्षं झाली. घराघरांतून लग्नाला तुला बोलवायला यायचे, भटाच्या आधी तुझा मान असायचा, हळद वाटण्यापासून नवरी पाठवण्यापर्यंत प्रत्येक कामाचं गाणं, त्या त्या कामाचा धवला, तुझ्या तोंडात. त्या बाईचा मुलगा मी, आणि भर मांडवात मी हे केलं. तेव्हापासून स्वतःच्या हाताचासुद्धा वास नको वाटतो, आणि तो नुसता कंपनीतल्या केमिकलचा नाही.

कंपनीचं तुला माहीत नसणार. कॉलेज सोडलं मी. रोह्याला दुसऱ्या वर्षाला होतो. एका सरांनी सगळ्या वर्गासमोर माझ्या बोलण्याची नक्कल केली, ‘पानी’, ‘मना’ असं करून दाखवलं, पोरं खिदळली. मी जर्नल फाडून टेबलावर टाकलं आणि निघालो. परत गेलो नाही. पाचव्या दिवशी बाबा म्हणाले, आता मिठागरात ये नाहीतर कुठंतरी चिकट. चिकटलो. रोह्यालाच, काँट्रॅक्टवर, आठ तासांच्या शिफ्टला. दुसरी शिफ्ट असली की सकाळ मोकळी मिळते, त्या सकाळी मी गिटार घेऊन बसतो. गिटार पेणच्या एका बेने इस्रायली, म्हणजे आपल्याकडच्याच ज्यू, मास्तरांची. ते घर आवरून मुलांकडे इस्रायलला निघाले तेव्हा सामान बांधायला मी गेलो होतो. ती पेटीत मावेना, तर त्यांनी माझ्या गळ्यात अडकवली आणि म्हणाले, तुझी बोटं लांब आहेत, घेऊन जा.

आणि एक डबा आहे. तुझ्या भावाच्या मुलानं मस्कतहून आणला, त्याला वाजवता येईना म्हणून माझ्याकडे दिला. जेवणाच्या डब्याएवढा, काळा, वर पायानं दाबायची दोन बटणं आणि छोट्या खिडकीत लाल आकडे. गिटारची वायर एका बाजूनं आत जाते, दुसऱ्या बाजूनं स्पीकरला. आकडा बदलला की गिटारचा आवाज बदलतो. एका आकड्यावर तार विहिरीत टाकल्यासारखी घुमते, एकावर पत्रा कापल्यासारखी किंचाळते, एकावर एकाच तारेच्या दहा तारा होतात. सोबतचं पुस्तक इंग्रजीत होतं, मी डिक्शनरी घेऊन आठवडाभर वाचलं. कॉलेजात तेवढं वाचलं असतं तर पास झालो असतो. मग एका सकाळी दोन्ही बटणं एकदम दाबून धरली आणि आतून ड्रम सुरू झाला. माणूस नाही, काठी नाही, कातडं नाही, आणि ड्रम वाजतोय. तसे तीसेक ठोके त्याच्यात होते, प्रत्येकाचा वेग आकड्यानं कमीजास्त करता यायचा, आणि पुन्हा दोन्ही बटणं दाबली की थांबायचा. खरं सांगतो, त्या दिवशी मला तो देव वाटला. आता तोच आवाज कानांत बसलाय. रिकाम्या डब्यात कुणी चमचा हलवतंय तसा, आणि न चुकणारा, ही त्यातली सगळ्यात घाण गोष्ट.

एक मुलगी आहे, आये. वडखळच्या पलीकडची. माझ्याच कॉलेजात होती, तिनं मात्र पूर्ण केलं. तुझ्यासोबत गायची ती म्हातारी धवलारीण आठवते ना, दात पुढं असलेली, तिची ही नात. आता आपल्याकडं धवलारणी उरल्यात किती? पोरींना लाज वाटते. हिला वाटत नाही. बी.कॉम. होऊन ही म्हातारीच्या मागं मागं लग्नाच्या घरी जाते आणि वहीत धवले उतरवते. गावातली पोरं तिला ‘काय गो म्हातारे’ म्हणतात, ती म्हणते, ‘व्हय नातवा.’ मी तिच्यामागं दोन वर्षं वेडा आहे. तिला हे ठाऊक आहे, मी काही बोललेलो नाही हेही ठाऊक आहे, आणि याच्यावर ती एकटीच हसते.

म्हातारीचा दम आता पुरत नाही म्हणून रविवारी पहिल्यांदा नातीनं पुढं बसून धवला घ्यायचा ठरला. मला हे आठवडाभर आधी कळलं होतं. आमच्या ओळखीच्या पोरांनी हळदीनंतर नाचायला गिटार आणि डबा लावायचा ठरवलं होतं, मांडववाल्याचे स्पीकर होतेच. मी काय केलं माहीत आहे? तिच्या घराच्या मागच्या बांधावर दोनदा जाऊन उभा राहिलो, ती घोकत होती ते ऐकलं, घरी येऊन डब्यावर वेग जुळवला. मिनिटाला बहात्तर ठोके. बरोबर बसत होता. मला वाटलं, तिचा आवाज कापेल तेव्हा मी हळूच खालून ठोका देईन, तिला आधार होईल, आणि ती वळून बघेल.

दुपारचे चार वाजले असतील. काकी पाट्यावर हळद वाटायला बसली, बायका गोल करून बसल्या, ती मध्ये. पहिली ओळ तिनं घेतली ती खरंच कापत होती. मागं पोरं फिसफिसली. मी दोन्ही बटणं दाबली. पहिल्या दोन ओळी बसल्या, आये, अगदी बसल्या, दोनचार बायकांनी माना पण डोलावल्या. मग काकीनं हात थांबवला, हळद पाट्यावर गोळा केली, पाणी शिंपडलं. गाताना तीही थांबली, कारण तिथं थांबायचंच असतं. डबा थांबला नाही. काकीनं परत हात घातला तेव्हा ती सुरू झाली, पण ठोका भलतीकडं होता. तिनं ओळ सोडली, पकडली, परत सोडली, आणि गप्प झाली. मागच्या पोरांना वाटलं नाच सुरू. एकानं शिट्टी मारली, चौघं मध्ये आली, बायका पदर सावरत मागं सरकल्या, आणि ती हळदीच्या पाट्यासमोर तशीच बसलेली, वही मांडीवर उपडी.

म्हातारी उठली. ती ओरडली नाही. माझ्यापर्यंत चालत आली आणि म्हणाली, ‘तुजे आयसनी तुला मांडीवर घेऊन धवला बोलला रं. बंद कर.’

मी वायर उपटली. मोडलेला धवला पुढं जोडत नाहीत, पाट्यावरची हळद काकीनं बाजूला काढली, नवी घेतली, आणि म्हातारीनं पहिल्यापासून घेतला, दर ओळीला दम खात. ती नातीकडं बघत होती, की आता घे. नातीनं तोंड उघडलं नाही.

आणि हे मला माहीत नव्हतं असंही नाही. मी सहा-सात वर्षांचा असेन, गडब गावात कुणाकडं तरी हळद होती, तुझ्या शेजारी बसून मी पाटावर चमचा वाजवत होतो. तू गाणं न थांबवता चमचा काढून घेतलास. रात्रीच्या भाकऱ्या थापताना मी फुगून बसलो होतो तर म्हणालीस, ‘धवल्याला ठोका नसतो बाला. वाटनारीचा हात थकला का आपन थांबायचा, तिनी हात घातला का आपन निंगायचा. गाना तिचे हाताचा हाय, आपला नाय.’ मग पहिली भाकरी माझ्या ताटात टाकलीस, राग जावा म्हणून. माझा गेला नव्हता. माझा राग कधी लवकर जातच नाही, फक्त रविवारी मांडवात तो कुठं गेला होता कोण जाणे, तिथं शिट्टी मारणाऱ्या पोरांवर त्याची गरज होती.

बुधवारी ती मला पेणच्या एसटी स्टँडवर भेटली. मी पळायच्या बेतात होतो, तिनं हाक मारली. म्हणाली, तीन दिवस मी विचार करते, तू मुद्दाम केलंस का. मी म्हणालो, मदत म्हणून लावला होता, पण तू थांबलीस तेव्हा बंद करायला गेलो तर बटण अडकलं. मग तिचा चेहरा मोकळा झाला, मला ते दिसलं.

‘बटन अडकला ना? मंग झाला. मशीनवर काय राग धरायचा.’

आणि पुढं म्हणाली की पुढच्या महिन्यात रोह्याकडं एक हळद आहे, म्हातारीनं पुन्हा तिलाच पुढं बसायला सांगितलंय. तिला भीती वाटते. पण बसणार. मी तिच्याकडं यावं, तुझ्या तोंडचे जे काही धवले मला आठवत असतील ते तिला सांगावेत, म्हातारी कितीतरी विसरलीय. ‘तुजे आयचे अर्धे धवले कुनाकडंच नाय,’ म्हणाली. दोन वर्षं मी ज्याची वाट बघितली ते हेच, तिच्या ओटीवर तिच्यासमोर बसायचं बोलावणं. एसटी आली, ती गेली, आणि मला स्टँडच्या नळावर जाऊन तोंड धुवावं लागलं, इतकी शिसारी आली स्वतःची.

बटण अडकलं नव्हतं, आये. ती पहिल्यांदा थांबली तेव्हाच मला दिसलं होतं. दोन्ही बटणं माझ्या पायाखाली होती, दाबायला एक पळ लागला नसता. पण तेवढ्यात मागची पोरं उठली, शिट्टी वाजली, आणि कॉलेज सोडल्यापासून पहिल्यांदा सगळा मांडव माझ्याकडं बघत होता. ती खाली मान घालून बसली होती आणि मला बरं वाटत होतं. मी पाय उचलून बाजूला ठेवला.

हे तिला सांगायला काल वडखळच्या नाक्यापर्यंत गेलो. तिथून परत आलो आणि तुला लिहायला बसलो, कारण तू काही विचारणार नाहीस.